बजाजनगरला जाणारा डबा

अण्णा,

त्या डब्यातलं जेवण कुणा आजारी माणसाकडं जात नव्हतं. बजाजनगरातल्या ज्या पोटाचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्यासाठी मी दर रविवारी तुमच्या हाती कमी तिखटाचं मटण आणि ज्वारीच्या भाकरी बांधून द्यायचे, तो म्हातारा कधी नव्हताच. डबा दादाकडं जायचा, तुमच्याच मुलाकडं. हे वहिनीनं परवा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं आणि काल संध्याकाळी दादानं स्वतः फोनवर पक्कं केलं. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मजकूर पुढं सोडायचा नाही, या शिस्तीत वर्तमानपत्राच्या डेस्कवरची माझी सगळी नोकरी झाली, म्हणून वहिनीचं ऐकून झाल्यावर मी फोन उचलला. दादाचा आवाज किती वर्षांनी ऐकला, ते मोजत बसले नाही. तुमच्यासारखाच झालाय. खाकरतोही तुमच्यासारखा.

तुम्ही गेलात तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत होते. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे आणि छावणीतलं आपलं चर्चच्या पाळकांचं क्वार्टर पाडून तिथं मंडळीचा हॉल बांधलाय. मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथं वहिनी आणि भाचा पहिल्यांदाच आले. भाच्याला मी एवढासा असताना पाहिला होता, त्यानंतर थेट परवा, केस मागं हटलेला, हातात पेढ्यांचा पुडा. त्याला उशिरा मुलगी झाली आहे, तुमची पणती. त्याची बायको जालन्याच्या मंडळीतली, आपल्यासारखीच. तिच्या आग्रहावरून मुलीचा बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्ये करायचं ठरलंय. "आत्या, धर्ममाता तुम्ही व्हा," तो म्हणाला, आणि लगेच आईकडं बघायला लागला, जणू पाठ केलेलं वाक्य चुकलं तर नाही ना. मी पाणी आणायला आत गेले. वहिनी मागोमाग आली. फळीवर तो डबा होता, झाकणाला पोचा पडलेला, आता त्यात मी बडीशेप ठेवते. वहिनीनं तो दोन्ही हातांनी खाली घेतला.

"अगं बया, हा डबा अजून हाय व्हय?"

"तुम्ही कुठं बघितला होता?" मी विचारलं.

"आसं काय करता वन्सं? दर आइतवारी माझ्याच हातानं तर घासून द्यायची मी अण्णांकडं." मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा हात थांबला. "तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. तिनं डबा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि मग सगळं सांगितलं. मध्येच एकदा हसलीसुद्धा. म्हणाली, "ह्यांना लई वाटायचं, आपल्या बहिनीनं तिखट का सोडलं म्हणून. म्हणायचे, हात तोच हाय, मसाला तोच हाय, पर मिरची कुठं गेली? तरी चाटूनपुसून खायाचे." अण्णा, इतकी वर्षं तुम्ही त्याला मिळमिळीत जेवायला लावलंत, कारण मला सांगितलेल्या खोट्याला शोभेल असं तिखट मला घालावं लागत होतं.

मी इथं थांबते आणि मागचं नीट सांगते, कारण तुम्हाला ते माझ्या बाजूनं कधी ऐकावं लागलं नाही.

मी शाळेत जायला लागलेली, दादा माझ्याहून थोडा मोठा. आई चुलीपुढं चहा गाळतेय. दादा रविवारच्या शाळेतून उड्या मारत येतो आणि सांगतो की बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य म्हणजे काय ते त्याला समजलंय: बर्फ, पाणी, वाफ. तिन्ही एकच! आईनं कौतुकानं मान हलवली. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत. "वा. म्हणजे पुत्र बापाची प्रार्थना करत होता, तेव्हा पाणी वाफेशी बोलत होतं? का एकटाच बसून स्वतःशी बोलत होता?" दादाचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "आधी पोराला शाबासकी द्या, मग भांडा." तुम्ही शाबासकी दिली नाहीत, पण त्याला जवळ ओढून बसवलंत आणि विचारलंत, जग नव्हतं, माणूस नव्हता, चिमणीसुद्धा नव्हती, तेव्हा देव प्रेम कुणावर करत होता? एकटाच असेल तर प्रेम त्याला जग केल्यावर सुचलं असं होईल. तो आधीपासून प्रेमच आहे, म्हणून तो आधीपासून एकटा नाही. बाप पुत्राला सगळं देतो, पुत्र बापाला सगळं देतो. मला तेव्हा हिशेब लागला. मी म्हणाले, "मग दोघं पुरले असते की." तुम्ही हसलात. तुमचं ते उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. "दोघंच असले की दार लावून घेतात, बाळ. तिसरा असला की दार उघडं राहतं, पाट मांडावा लागतो, सरकून बसावं लागतं. देव सरकून बसणारा आहे."

पुढं मी त्रैक्यावर बरंच वाचलं, तुमच्या कपाटातलं आणि कपाटाबाहेरचं. तत्त्व एक, व्यक्ती तीन. तीन देव नव्हेत, एकाची तीन सोंगंही नव्हेत. सगळं पटलं, पण टिकलं ते पाटावरचंच. तुमच्या त्रैक्याच्या रविवारच्या प्रवचनाचा कच्चा मजकूर मीच बघायचे, लांबलेली वाक्यं तोडून द्यायचे, आणि दर वर्षी तुम्ही शेवटी पाटावर यायचात. मंडळीला ते पाठ झालं होतं. शेजारचे घड्याळवाले चाचासुद्धा तुम्हाला छेडायचे. दुकानाच्या फळीवर बसून, डोळ्याला भिंग लावूनच म्हणायचे, "पादरीसाब, हमारे में तो एक और एक और एक तीन होते. तुम्हारे में एकच कैसा होता जी?" तुम्ही म्हणायचात, "गिनती छोडो मियाँ. मोहब्बत अकेले में कैसी होती, वो बोलो." चाचा भिंग काढायचे. "अकेले में तो झगडा भी नहीं होता. बैठो, चाय मँगाया मैं." त्यांचं समाधान कधी झालं नाही आणि तुमचंही. पण निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या भीतीच्या दिवसांत तुम्ही, तेव्हा पाळक नव्हे, शाळेत नुकतेच लागलेले तरुण मास्तर, त्यांच्या दारात खाट टाकून झोपायचात, रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसेल असे. हे चाचांनीच मला सांगितलं, तुम्ही कधी नाही. ते सांगताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर असायचा. शेजाऱ्यासाठी तुम्ही उघड्यावर झोपलात. पोटच्या मुलाकडं जाताना मात्र दुखणाईत म्हाताऱ्याच्या आड लपलात. परवापासून या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघतेय.

दादा वाळूजच्या कारखान्यात लागला, बजाजनगरात खोली घेतली, लग्न केलं. तिथं कामगारांची एक प्रार्थनेची संगती भरायची, एका खोलीत, सतरंजीवर. ते लोक त्रैक्य मानत नाहीत. देव एक, त्याचं नाव येशू, बाप तोच, आत्मा तोच. दादाला ते भावलं. शिफ्टवरून थकून आलेल्या माणसाला एक नाव पुरतं, असं तो मला तेव्हा म्हणाला होता. एका रविवारी तो कायगावला गोदावरीत उतरला आणि फक्त येशूच्या नावानं पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. पाळकाचा मुलगा. तो तान्हा असताना तुम्ही तीन नावांनी तीन ओंजळी पाणी त्याच्या डोक्यावर घातलं होतं, ते त्यानं नदीत धुऊन टाकलं, असं मंडळीत लोक बोलले.

तरीही पुढच्या प्रभुभोजनाला तो आला. वेदीपुढच्या कठड्यापाशी माझ्या शेजारी गुडघे टेकले. तुम्ही ताट घेऊन आलात. माझ्या हातावर भाकर ठेवलीत. दादाच्या पसरलेल्या हातांवरून ताट पुढं गेलं, पलीकडच्या बाईकडं. हात तसेच होते. मी ते बघितलं आणि डोळे मिटले. घरी आल्यावर तुम्ही टोपी खुंटीला अडकवलीत आणि माझ्याकडं न बघता सांगितलंत: तो परत येईपर्यंत त्याच्याशी बोलणं नाही, त्याच्या घरचं पाणी नाही. आई तेव्हा नव्हती, नाहीतर बोलली असती. मी विचारलं, "सरकून बसायचं नाही?" तुम्ही म्हणालात, "जो म्हणतो पाट एकच आहे, त्याच्यासाठी कुठं सरकणार?" मला ते पटलं नाही, पण तुमच्या आवाजात एवढं दुखणं होतं की मी ते सत्य मानलं. तुम्हाला मुलगा गमवावा लागतोय तर मी भाऊ गमवायला काय हरकत, असं वाटलं. आपण दोघं मिळून हे ओझं वाहतोय, असं मी समजत होते.

काही महिन्यांनी तुम्ही म्हणालात की भेटी द्यायला बजाजनगरला जायचंय, तिथं मंडळीचा एक म्हातारा एकटा असतो, पोटाचा विकार आहे. "तुझ्या हातचं थोडं देशील का? तिखट बेताचं घाल." दर रविवारी उपासना उरकली की मी मटण करायचे, डबा बांधायचे, आणि तुम्ही नगर नाक्यावरून काळीपिवळी जीप पकडायचात. संध्याकाळी मी सोमवारचा अंक काढायला डेस्कवर जायचे. पानं लागत असताना कधी कधी त्या म्हाताऱ्याचा विचार यायचा. मी त्याला चेहरा दिला होता. एकदा मी म्हटलं, मीही येते त्यांना भेटायला. तुम्ही म्हणालात, "अनोळखी बाईमाणूस बघून संकोचेल बिचारा."

संकोचेल बिचारा. हे वहिनीला सांगितलं, तर ती भिंतीला टेकून हसली आणि हसता हसता रडली.

ती सांगते की तुम्ही तिथं गेलात की पहिला अर्धा वेळ भांडण. तुम्ही म्हणायचात तीन, दादा म्हणायचा एक. आवाज चाळीत ऐकू जायचा. तुम्ही पुस्तकातून दाखवायचात, तो त्याच पुस्तकातून उलट दाखवायचा. "मंग मी म्हणायची, तीन आसू द्या न्हायतर एक आसू द्या, भाकरी गार व्हायलीय. मंग बसायचे दोघं." प्रार्थना दादा करायचा, त्याच्या पद्धतीनं, एकाच नावानं, आणि तुम्ही आमेन म्हणायचात. मोठ्यानं म्हणायचात, असं वहिनीनं मुद्दाम सांगितलं. भाच्याला मांडीवर घ्यायचात. त्याला पहिल्यांदा बाराखडी तुम्ही शिकवलीत. निघताना दादा नगर रोडपर्यंत सोडायला यायचा, आणि तेवढ्यातही वाद चालू.

अण्णा, तुम्ही भांडलात त्याच्याशी. मला एवढं खुपलं ते हेच. तो आज्ञा मोडून गेला आणि त्याला दर रविवारी बाप मिळाला, भांडायला, जेवायला, रस्त्यापर्यंत चालायला. मी आज्ञा पाळली आणि मला टोपी अडकवून पाठ फिरवलेला माणूस मिळाला, जो संध्याकाळी परत येऊन रिकामा डबा ओट्यावर ठेवायचा आणि सांगायचा, "जेवला बरं का. तुला आशीर्वाद दिलाय."

काल फोनवर मी दादाला सगळं सांगितलं.

"मला वाटलं तूच पाठवती," तो म्हणाला. "तुला म्हाईत हाय आन् तू करून देती."

"मला कुणी सांगितलंच नाही रे."

"आन् मी तर तुझ्या वहिनीला म्हणायचो, बघ, बोलत नाय पण घास पाठवती. म्हणून तर जास्त लागलं. शहागंजात त्या दिवशी मी हाक मारली, तू तोंड फिरवून गेलीस. मला वाटलं, च्यायला, आइतवारी जेवू घालती आन् बाजारात वळखत नाय. ही कसली बहीण."

त्या हाकेची आठवण मलाही आहे. भाजीच्या गाड्यांजवळ, त्याच्या खांद्यावर भाचा. मी थांबले नाही कारण तुम्ही नको म्हणाला होतात, आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं की दादा दिसला, मी बोलले नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. अण्णा, तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन त्याच्याकडं गेलात. तो तिथं माझ्याबद्दल काय बोलला असेल ते तुम्ही ऐकलंत, आणि परत येऊन मला आशीर्वाद कळवलात. त्याच्याकडं माझं जेवण न्यायचं आणि माझं अज्ञान न्यायचं नाही, माझ्याकडं रिकामा डबा आणायचा आणि त्याची हाक आणायची नाही. मधला माणूस तुम्ही होतात. दोघांमध्ये जे जातं येतं तो आत्मा, असं तुम्हीच शिकवलंत, आणि तो कुणाचं काही लपवून ठेवत नाही, बापाचं पुत्राला सांगतो, पुत्राचं आपल्याला. तुम्ही डबा पोचवलात, निरोप गिळलात.

का, याचं उत्तर मी दोन दिवस शोधतेय. वहिनी म्हणते, अण्णा भित्रे नव्हते, लाजरे होते. दादा म्हणतो, मंडळीनं काढून टाकलं असतं. मला जे दिसतं ते असं: पाळकाच्या घरात शिस्त पाळली जाते हे लोकांना दिसायला हवं होतं, आणि तुमच्यानं ती पाळवेना. म्हणून पाळायचं काम माझ्याकडं आलं. मी बाजारात तोंड फिरवायचे ते लोक बघायचे. त्या आडोशाला तुम्ही मुलाच्या घरी जेवत होतात. तुम्ही तिथं गेलात म्हणून मी चिडलेली नाही. गेला नसतात तर आज मी तुमच्या नावानं काय केलं असतं, कल्पनाही करवत नाही. पण तुम्ही दोघांनी दार लावून घेतलंत. बाहेर स्वयंपाक करणारी तिसरी होती.

तुम्ही गेल्यावरही मी तुमची आज्ञा मोडली नाही, एकटी राहिले आणि तुमच्या त्या शिकवणीवर राहिले. अंक काढून रिकाम्या घरी यायचं, कुलूप उघडायचं, आणि मनाशी म्हणायचं, देव एकटा नाही, त्याच्या पंगतीत जागा आहे, आपण आहोत त्यात. लोकांना त्रैक्य हे कोडं वाटतं. मला ते घर वाटायचं. ते शिकवणारा माणूसच बजाजनगरात जाऊन दुसऱ्या पंगतीला बसत होता, हे परवा कळलं, आणि त्या रात्री मतांगीकार, विश्वासाची ती रोजची कबुली, म्हणताना मी पहिल्याच ओळीवर, बाप या शब्दाशी, अडकले. पुढं म्हणवेना. सकाळी म्हणून पूर्ण केला. तुम्हाला हे आवडेल की नाही माहीत नाही, पण तुमच्यावर जो आरोप मी करतेय, तो करायचे शब्दही तुमच्याच शिकवणीतले आहेत. पाट, सरकणं, दार. तुमचं खरं नसतं तर मला एवढं लागलं नसतं.

हा मजकूर कुठं जायचा नाही. स्मशानभूमीतल्या दगडाखाली ठेवायला मी काही सिनेमातली नायिका नाही. लिहून झाला की टेबलाच्या खणात जाईल.

पुढचं असं आहे. बाप्तिस्मा येत्या रविवारी, त्रैक्याच्या रविवारी, हे सध्याच्या पाळकांनी आज सकाळी फोनवर पक्कं केलं. तरुण आहेत, विनोदी आहेत. म्हणाले, प्रवचन तुमच्या वडिलांच्या पाटावरूनच करणार आहे, जुने लोक अजून सांगतात. मी वेळ लिहून घेतली. पणतीला मी हातात धरणार, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणत तीनदा पाणी पडेल, ती रडेल. त्यानंतर नव्या हॉलमध्ये सगळ्यांचं प्रीतिभोजन. दादा येणार आहे, पण फाटकासमोरच्या चहाच्या टपरीपर्यंत. त्या नावांनी पाणी पडत असताना आत बसायचं नाही, हे त्याचं ठरलंय, आणि त्याच्या ठरण्याला मी मान देते. जेवायला आत येईन का ते बघू, असं तो म्हणाला. वहिनी म्हणते, येतील. मला तशी खात्री देता येत नाही.

मटण मी करणार आहे, आणि तिखट आमच्या आईच्या हाताला होतं तसं, पूर्ण. दादा आत आला नाही तर तोच डबा भरून मी नेईन, हॉलमधून, चर्चच्या दारावरून, सगळ्या मंडळीसमोरून रस्ता ओलांडून, आणि टपरीच्या बाकावर त्याला सरक म्हणेन.

आणि अण्णा, खरं सांगू? त्यानं आत येऊ नये, असं मला थोडं थोडं वाटतंय.